नाशिकमधल्या अंबडच्या प्रयोगशाळेत तीन बाटल्या पाणी तपासून घेतलं, त्याचा अनुभव

साडेचार तारे देता आले असते तर तेवढे दिले असते. अर्धा का कापला ते पुढे येईल. आधी मी पाण्याच्या तीन बाटल्या घेऊन इथे कशी पोचले ते सांगते, नाहीतर साध्या पाणी तपासणीचं मला एवढं कौतुक का, ते कळायचं नाही.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळच्या खेड्यात. माझे वरचे पुढचे चार दात तपकिरी आहेत. खडूने ओढाव्यात तशा आडव्या पांढऱ्या रेघा, त्यांच्यामध्ये तपकिरी पट्टा, आणि एका दातावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन खड्डे. पाचवीत असताना बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, "मिश्री लावतेस का गं?" मी घरी येऊन राखेने दात घासले, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासले. डाग तसूभरही हलला नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत. आजही हसताना हात आपोआप तोंडावर जातो.

माझी थोरली बहीण 1978 ची, मी 1986 ची. एकाच घरात वाढलो, एकाच ताटात जेवलो, पण तिचे दात पांढरेस्वच्छ. घरात सगळे म्हणायचे, ताई नीट घासते, तू आळशी. हे मी वीस वर्षं ऐकलं आणि खरं मानलं.

2008 साली लग्न होऊन नाशिकला आले. मिस्टर अंबडला कंपनीत फिटर, मी घरी ब्लाउज शिवते. बरीच वर्षं जुन्या सिडकोत भाड्याने राहिलो, तिथे नळाचं पाणी. गेल्या दिवाळीत पाथर्डी फाट्याकडे स्वतःचा फ्लॅट झाला. इथे सोसायटीची बोअर आहे. नळाचं पाणी कमी आलं की बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडतात. पहिल्याच आठवड्यात गीझरच्या नळीवर पांढरा थर दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याचे खालचे दोन दुधाचे दात हलायला लागले होते. बोअर म्हटलं की मला माहेरची बोअर आठवते, आणि माहेर म्हटलं की माझे दात.

त्याच सुमारास सोसायटीत वॉटर प्युरिफायर विकणारा एक जण आला. त्याने दोन ग्लास पाणी घेतलं, एक आमचं आणि एक त्याच्या बाटलीतलं, आणि दोन्हींत सळ्यांचं यंत्र बुडवून वीज लावली. दोन मिनिटांत आमचं पाणी गढूळ तपकिरी झालं. "मॅडम, हेच तुमचं बाळ पितंय." मग टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा, मीटर बुडवला, 610 आला. मी विचारलं, यात फ्लोराइड, म्हणजे खडकातून पाण्यात येणारा, दातांवर डाग पाडणारा क्षार, किती? तो म्हणाला, सगळं यातच आलं. मी तीन हजार रुपये ॲडव्हान्स दिला. तो तपकिरी रंग थेट माझ्या दातांचाच होता, मी दुसरं काय करणार होते?

रात्री मिस्टर म्हणाले, आमच्या कंपनीतलं पाणी अंबडच्याच एका प्रयोगशाळेत तपासायला जातं, पंधरा हजारांचं यंत्र घेण्याआधी एकदा तिथे विचारून तर बघ. अशी मी इथे आले.

काउंटरवरच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "काय तपासायचंय?" मी म्हटलं, पाणी चांगलं आहे की वाईट ते. त्या म्हणाल्या, असं एक उत्तर नसतं, तुम्हाला कशाची भीती आहे ते सांगा. मी तोंडावरचा हात काढला. इतक्या वर्षांत अनोळखी माणसासमोर मी हे पहिल्यांदा केलं. त्यांनी एकदाच बघितलं आणि विचारलं, "माहेर कुठलं?" मिश्रीचं नाव नाही, घासण्याचं नाव नाही. पांढरकवडा म्हटल्यावर मान हलवली आणि म्हणाल्या, "मग एक बाटली तिकडचीही आणा."

बाटली कशी भरायची ते त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. फ्लोराइडसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते, काचेची नको. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग भरून झाकण घट्ट लावायचं आणि वर जागा, तारीख, वेळ लिहायची. फ्लोराइड बाटलीत उडून जात नाही की नासत नाही, त्यामुळे गावाहून आणायला दोन दिवस लागले तरी बिघडत नाही. जंतूंची तपासणी करायची असेल तर मात्र बाटली इथूनच निर्जंतुक केलेली न्यायची आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत आणायची. हा फरक कोणी सांगितला नसता तर मी सगळं एकाच बाटलीत भरून आणलं असतं.

संक्रांतीनंतर माहेरी गेले होते. गावातली बोअर, म्हणजे हातपंप, आमच्याकडे त्याला बोरिंगच म्हणतात, अजून चालू आहे. मध्ये कधीतरी त्याला लाल रंग फासला होता, पिऊ नका म्हणून. रंग उडाला, लोक पीतच राहिले. माय म्हणाली, "पोरी, हे पानी गोड हाये. डाळ कशी मऊ शिजते यात!" ते खरंच आहे. ती बाटली साडीच्या घडीत गुंडाळली, एसटीने वर्ध्याला आले, तिथून सेवाग्राम एक्स्प्रेसने नाशिकरोड. दुसरी बाटली सोसायटीच्या बोअरची, टाकीत मिसळण्याआधीची. तिसरी सिडकोत नणंदेच्या घरच्या नळाची. एका बाटलीच्या फक्त फ्लोराइडसाठी 350 रुपये घेतले, तिन्हींचे 1,050. सोसायटीच्या बोअरचा कठीणपणा आणि नायट्रेटही (खतांतून, सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा क्षार) करून घेतलं, त्याचे वेगळे पडले. पैसे भरल्याची पावती, त्यावर प्रत्येक बाटलीचा नंबर, सगळं चोख.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. सिडकोचा नळ: फ्लोराइड लिटरला 0.2 मिलिग्रॅम. सोसायटीची बोअर: 0.4. माहेरची बोरिंग: 2.8.

भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 1.5. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही 1.5 च आहे. माझ्या मायच्या घरचं पाणी जवळपास त्याच्या दुप्पट. तो कागद हातात घेऊन मी काउंटरसमोरच्या बाकावर बसून राहिले.

आता मला इथली सर्वांत आवडलेली गोष्ट. रिपोर्ट देऊन "नेक्स्ट" म्हणाले नाहीत. आतल्या मॅडम, ज्यांची रिपोर्टवर सही होती, त्या बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. मी विचारलं, हे उलटं कसं? नाशिकचं बोअरचं पाणी मचूळ, गीझरवर थर, साबणाला फेस नाही, आणि ते चांगलं? आणि आमचं गोड पाणी, ज्यात डाळ मऊ शिजते, ते वाईट?

त्या म्हणाल्या, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं, फार विरघळू देत नाही. नाशिकच्या काळ्या दगडातलं आमच्या बोअरचं पाणी कठीण आहे, कठीणपणा 430 आला, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. तोच तो गीझरवरचा थर. आणि जिथे खोल बोअरमधलं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं असतं, त्यातलं कॅल्शियम संपून ते मऊ झालेलं असतं, तिथे फ्लोराइड सुटं राहतं. ते पाणी चवीला गोड लागतं, त्याला रंग नाही, वास नाही, त्यात डाळही छान शिजते. जिभेला आणि डोळ्याला फ्लोराइड कळतच नाही. टीडीएसच्या मीटरलाही नाही, कारण तो सगळे क्षार मिळून एक आकडा सांगतो, त्यात मीठ किती आणि फ्लोराइड किती हे त्याला वेगळं करता येत नाही. म्हणजे त्या माणसाने मला दिलेलं उत्तर चुकीचं होतं. सळ्यांच्या खेळाचंही त्यांनी सांगितलं: सळी लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज दिसतो. त्याच्या बाटलीतल्या आरओच्या, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या प्युरिफायरच्या, पाण्यात क्षार जवळपास नसतात म्हणून ते स्वच्छ राहतं. त्या खेळात घाण कुठेच नसते.

मग मी बहिणीचं विचारलं. मॅडमनी उलट विचारलं, बोरिंग गावात कधी आली? मी तिथूनच मायला फोन लावला. माय म्हणाली, तू वर्षाची होतीस, मांडीवर होतीस, तेव्हा आली. म्हणजे 1987. त्याआधी गाव विहिरीचं पाणी प्यायचं. विहिरीत जंतू, जुलाब, नारू, म्हणून सरकारने बोरिंग दिली आणि सगळ्यांना आनंद झाला.

कायमच्या दातांचं वरचं आवरण साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आतच तयार होतं. त्या काळात पोटात जास्त फ्लोराइड गेलं तर आवरण नीट भरत नाही, आतून सच्छिद्र राहतं, आणि दात बाहेर आल्यावर त्यात रंग मुरत जातो. आठ-नऊ वर्षांनंतर कितीही प्यायलं तरी दातांवर नवे डाग पडत नाहीत. बोरिंग आली तेव्हा ताई नऊ वर्षांची होती, तिचे दात घडून झाले होते. मी एक वर्षाची होते. आणि माय मला ते पाणी आटवून, उकळून द्यायची, बाळाला बाधू नये म्हणून. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. हे मायला मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

घासण्याचा आणि डागाचा काही संबंध नव्हता. माझे दात वाईट दिसणार हे मी पहिला ब्रश हातात धरण्याआधीच ठरून गेलं होतं. इथल्या बाकावर बसून मी रडले, आणि त्या ताईंनी काही न बोलता पाण्याचा ग्लास आणून दिला.

नंतर मी वाचलं की अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याला तिथल्या माणसांचे दात असेच तपकिरी दिसले होते. कारण सापडायला 1931 उजाडलं. दात तपकिरी असले तरी कमी किडतात हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातूनच 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मोजून थोडं फ्लोराइड घालायला सुरुवात केली. आपल्या देशात हाडांपर्यंत गेलेला फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे होणारं हे दुखणं, 1937 साली मद्रास इलाख्यात नोंदला गेला. हे वाचताना मला बरं वाटलं. पाचवीतल्या त्या बाईंच्या जन्माआधीपासून हे कुणाला तरी माहीत होतं.

या रिपोर्टमुळे दुसरी एक गोष्ट उघडी पडली, ती माझी चूक आहे आणि ती इथे लिहायलाच हवी. माहेरच्या भीतीने मी मुलाला पहिला दात आल्यापासून फ्लोराइड नसलेली पेस्ट दिली. ट्यूबवर "फ्लोराइडमुक्त" दिसलं की मी डोळे झाकून उचलायचे. तो पाच वर्षांचा होईपर्यंत रात्री दूध पिऊन तसाच झोपायचा, दिवसा दोन-तीनदा बिस्किटं. मॅडमनी सिडकोच्या नळाच्या 0.2 वर बोट ठेवून विचारलं, "मुलाच्या दाढा कोणी बघितल्यात का?" मी त्याला दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत नेलं. दुधाच्या चार दाढा किडलेल्या निघाल्या. एक नस उघडी पडण्याच्या बेतात होती.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्यासारख्या प्रत्येक आईला कळावं असं वाटतं. कीड आणि माझे डाग ही दोन वेगळी दुखणी आहेत. खाल्लेल्या साखरेवर जंतू आम्ल तयार करतात, तोंडातला सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की दातातून खनिज निघून जायला लागतं. लाळेत थोडंसं फ्लोराइड असलं की ते खनिज परत बसायला मदत होते आणि बसलेला थर आम्लाला जास्त टिकतो. हे काम दाताच्या वरून होतं, पेस्टमधून होतं, गिळण्याची गरज नाही. पोटात जास्त गेलं की डाग, आणि दातावर काहीच लागलं नाही की कीड. मी एका बाजूने पळाले ती थेट दुसऱ्या बाजूला जाऊन पडले.

आता आमच्याकडे फ्लोराइडची पेस्ट आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये 1,000 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त फ्लोराइड ठेवता येत नाही, ट्यूबवर आकडा लिहिलेला असतो. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही. समोर उभं राहून थुंकायला लावायचं, गिळू द्यायचं नाही. दोन दाढा भरल्या, एकीची नस साफ करून टोपी बसवली, चौथीवर लक्ष आहे. फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांवरचा लेप, लावलं, ते सहा महिन्यांनी पुन्हा. गेल्या महिन्यात त्याचा खालचा पहिला कायमचा दात वर आला. मी टॉर्च लावून बघितला. स्वच्छ आहे, एकही रेघ नाही.

आरओचं काय केलं? आमच्या बोअरला फ्लोराइडसाठी त्याची गरज नाही, नायट्रेटही 45 च्या मर्यादेच्या आत आलं, 31. आरओ फ्लोराइड काढतो हे खरं आहे, साधारण नव्वद टक्के काढतो. नुसता कार्बनचा फिल्टर किंवा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) काढत नाही, हे कोणी विकत असेल तर लक्षात असू द्या. पण घरगुती आरओमधून एक लिटर चांगलं पाणी निघताना तीनेक लिटर वाया जातं, आणि उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत ते मला पटत नाही. चवीसाठी कोणाला हवा असेल तर घ्यावा, त्यात काही वाईट नाही. आम्ही पिण्यासाठी नळाचं पाणी सकाळीच वेगळं भरून ठेवतो, साधा यूव्ही बसवला आहे. ॲडव्हान्सचे तीन हजार मागितल्यावर दोन हजार परत मिळाले, तेही सहा फोननंतर.

आता तो अर्धा तारा. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत आहे आणि अक्षर इतकं बारीक की मला भिंग लागलं. मॅडम बाहेर आल्या नसत्या तर 2.8 हा आकडा बघून मी घरी गेले असते आणि मर्यादा कुठल्या रकान्यात आहे तेही कळलं नसतं. घरगुती नमुना घेऊन येणारी माणसं माझ्यासारखीच असतात, त्यांच्यासाठी मराठीत अर्धं पान तरी जोडावं. दुपारी दीड ते अडीच फोन कोणी उचलत नाही. आणि कंपन्यांच्या गाड्यांमुळे गेटसमोर स्कूटर लावायला जागा नसते, सकाळी दहाच्या आत गेलात तर बरं. बाकी तक्रार नाही. कोणतीही जास्तीची तपासणी गळ्यात मारली नाही, उलट मी धातूंचं पूर्ण पॅकेज करू का विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला आत्ता गरज नाही, पैसे ठेवा. सोसायटीची बोअर मात्र मे महिन्यात एकदा पुन्हा तपासा म्हणाल्या, कारण पाणी खाली गेलं की क्षारांचं प्रमाण बदलू शकतं. ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

माहेरच्या रिपोर्टचा फोटो भावाला पाठवला. त्याची मुलगी दोन वर्षांची आहे. वडिलांची मान आणि कंबर गेली काही वर्षं आखडली आहे, त्यांना आम्ही म्हातारपण समजत होतो. आता यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं ठरलं आहे, पाण्याचा रिपोर्ट सोबत घेऊन. फ्लोराइड काढायला नागपूरच्या नीरी संस्थेने शोधलेली तुरटी आणि चुन्याची पद्धत आहे, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण ती रोज मोजूनमापून करावी लागते, मायला ते जमणार नाही. मॅडमनी विचारलं होतं, गावातली जुनी उघडी विहीर अजून आहे का? आहे. बुजवलेली नाही, नुसती वापरात नाही. वरच्या थरातलं पाणी असल्याने त्यात फ्लोराइड कमी असण्याची शक्यता आहे, जंतूंसाठी मात्र ते पाणी उकळावं लागेल किंवा क्लोरीन टाकावं लागेल. भावाने रिपोर्टची प्रिंट ग्रामपंचायतीत दिली आणि चार पोरांना घेऊन विहिरीतला गाळ काढला.

त्या विहिरीच्या पाण्याची बाटली काल गावाहून आलेल्या पाहुण्यांनी पोचवली. भावाने वर मार्करने तारीख, वेळ, जागा लिहिली आहे, तीनदा विसळली असंही लिहिलं आहे. सोमवारी दहाच्या आत घेऊन येते.